परमिशन डिनाइड : टर्मिनलवर चालतं, वेबवर अडतं

पावसाळ्यात कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला दोन आकडे पाठ असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेली की धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदी पन्नास फुटांच्याही वर गेली होती आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता, हे सगळ्यांना आठवत असेल. म्हणून आमच्या ग्रुपनं हॉस्टेलच्या मुलांसाठी एक साधं वेब पान केलं. जिल्हा प्रशासन जाहीर करतं तो पातळीचा आकडा आमच्यापैकी कोणीतरी फॉर्ममध्ये भरायचा. मग पीएचपीचा प्रोग्रॅम पाठीमागे एक स्क्रिप्ट चालवणार, ती स्क्रिप्ट ग्नूप्लॉटकडून आलेख काढून घेणार आणि ते चित्र पानावर दिसणार. प्रोजेक्ट म्हणून फार मोठं नाही. पण मुलं बघायची, आणि घरी फोन करून सांगायची.

(कमांडची नावं या लेखात उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर नेहमीचं स्पेलिंग टाकायचं, हे सांगायला नकोच.)

जुलैतली गोष्ट. मी इचलकरंजीला घरी गेलो होतो. संध्याकाळी रूम पार्टनरनं फॉर्ममध्ये ३५ फूट भरले, पानानं 'नोंद झाली' असा हिरवा मेसेज दिला, तो मेसला निघून गेला. आलेख मात्र आदल्या दिवशीचाच राहिला, ३१ फुटांवर. आमच्या खालच्या मजल्यावर प्रयाग चिखलीचा एक ज्युनिअर राहतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पंचगंगा फुगली की पाणी आधी शिरतं त्या गावांपैकी चिखली एक आहे. त्यानं आलेख बघून घरी सांगितलं की अजून भरपूर वेळ आहे, जनावरं उद्या हलवा. पलीकडून वडील म्हणाले, "आरं, पाणी मळ्याच्या बांधाला लागलंय, आणि तू एकतीस फूट म्हणतोयस?" त्यांनी जनावरं रात्रीच सोडली, आमच्या पानावर विश्वास ठेवला नाही, हे बरं झालं. दहा वाजता मी हॉस्टेलवर पोचलो तेव्हा तो पोरगा माझ्या दारात उभा होता. ओरडला नाही. फक्त विचारलं, "दादा, ते पान खरं दाखवतं का नाही, एवढंच सांगा."

मी लगेच लॉगिन करून स्क्रिप्ट हातानं चालवली. दोन सेकंदांत नवा आलेख तयार. ३५ फूट. मी म्हणालो, "चालतंय की!" आणि इथंच मी चुकलो. वेब प्रोग्रॅममधून पाठीमागे कमांड चालवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकानं हे वाक्य कधीतरी म्हटलेलं असतं. कमांड माझ्या हातून चालली, म्हणजे ती मला चालवता येते. वेब सर्व्हरला ती चालवता येते की नाही, याबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

कमांड नेमकी कोण चालवतंय?

लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेस कोणत्या तरी युजरच्या नावावर चालते. अपाचे सुरू होताना रूट म्हणून सुरू होतो, कारण १०२४ च्या खालचा पोर्ट (आपला नेहमीचा ८०) उघडायला तसा अधिकार लागतो. पण आलेल्या विनंत्या हाताळणाऱ्या त्याच्या पोटातल्या प्रोसेस रूटपणा सोडून देतात. उबुंटू आणि डेबियनवर त्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा नावाच्या युजरच्या होतात, रेड हॅट घराण्यात अपाचे नावाच्या युजरच्या. आपला पीएचपी कोड या युजरच्या अंगानं चालतो, आणि त्यानं सोडलेली कमांडही त्याच युजरच्या नावावर चालते. फॉर्म कोणी भरला, कोणत्या पासवर्डनं भरला, याच्याशी ऑपरेटिंग सिस्टिमला देणंघेणं नाही.

हॉस्टेलच्या भाषेत सांगायचं तर मेसचा पोऱ्या आणि रेक्टर सर. आपण पोऱ्याला सांगितलं, "रेक्टरच्या केबिनमधून रजिस्टर आण." आपला निरोप कितीही बरोबर असला तरी केबिनची किल्ली पोऱ्याकडे नाही. तो दारापर्यंत जाऊन परत येणार. आणि आपण त्याला "परत आल्यावर काही बोलायचं नाही" असं बजावून ठेवलेलं असेल, तर रजिस्टर का आलं नाही हे आपल्याला कधीच कळणार नाही.

आम्ही नेमकं हेच बजावलं होतं. पान अडकून राहू नये म्हणून स्क्रिप्ट बॅकग्राउंडला सोडली होती, आणि त्यासाठी नेटवरच्या कुठल्याशा उदाहरणातली शेपटी जशीच्या तशी चिकटवली होती. सगळं आउटपुट डेव्ह-नल या खड्ड्यात, एरर त्याच्यामागोमाग तिथंच (ते प्रसिद्ध २>&१), आणि शेवटी एक अँपरसँड. या शेपटीचा परिणाम नीट समजून घ्या. एक तर 'परमिशन डिनाइड' हा मेसेज छापला जातो आणि तत्क्षणी फेकला जातो. वळवला नसता तर तो बहुधा अपाचेच्या एरर लॉगमध्ये तरी पडला असता. दुसरं म्हणजे अँपरसँडमुळे शेल कमांड सोडून लगेच मोकळं होतं आणि पीएचपीला एक्झिट कोड ० मिळतो. ० म्हणजे यश. हे यश कमांड सोडण्याचं आहे, ती पार पडण्याचं नाही. आमचा हिरवा मेसेज त्या शून्यावर उभा होता.

म्हणून पहिलं काम शेपटी बदलणं. डेव्ह-नलऐवजी एका लॉग फाईलमध्ये आउटपुट आणि एरर दोन्ही जोडत जायचं. तपास चालू असेपर्यंत तर अँपरसँडही काढून टाका, पान चार सेकंद अडकलं तरी चालेल. पीएचपीचं शेल-एक्झेक फंक्शन एक्झिट कोड देतच नाही, एक्झेक देतं, ते वापरा. पायथॉनवाल्यांनी सबप्रोसेसच्या रनला चेक ट्रू सांगितलं तर अपयश आल्यावर एक्सेप्शन उठतं. एक्झिट कोड १२७ असेल तर शेलला कमांड सापडलीच नाही. १२६ असेल तर सापडली पण चालवता आली नाही, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा परमिशन असतं. आम्हाला १२६ मिळाला.

आता तीच कमांड त्याच युजरच्या अंगानं चालवून बघायची. सुडोला वजा यू देऊन डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाचं नाव सांगायचं आणि पुढे आपली कमांड. ही सवय एकदा लागली की निम्मी डोकेदुखी जाते. आम्ही चालवली आणि पहिल्यांदा तो मेसेज डोळ्यांनी बघितला. परमिशन डिनाइड.

पण कशाला डिनाइड? स्क्रिप्टवर तर ७५५ होतं, म्हणजे मालकाला सगळं आणि बाकीच्यांना वाचायला आणि चालवायला परवानगी. (वाचणे ४, लिहिणे २, चालवणे १, यांची बेरीज, हे पहिल्या लॅबला झालेलं आहे.) मेख अशी की फाईलपर्यंत पोचायला वाटेतल्या प्रत्येक फोल्डरमधून जावं लागतं, आणि फोल्डरवरच्या 'चालवणे' या बिटाचा अर्थ आत शिरायची परवानगी असा होतो. सात दारांपैकी एक बंद असेल तरी आतली खोली उघडी असून उपयोग नाही. ही सगळी दारं एका ओळीत दाखवणारी फार गुणी आणि दुर्लक्षित कमांड आहे, नेम-आय. तिला वजा एल आणि फाईलचा पूर्ण पत्ता द्या. मुळापासून फाईलपर्यंत प्रत्येक पायरीचा मालक, ग्रुप आणि परमिशन ती छापते.

तिनं दाखवलं की अडचण माझ्याच होम फोल्डरवर होती. स्क्रिप्ट मी माझ्या होममध्ये ठेवली होती, आणि होमवर ७५० होतं. 'बाकीचे' या रकान्यात शून्य. मग आदल्या वर्षी हेच कसं चाललं? उबुंटूमध्ये पूर्वी नव्या युजरचं होम फोल्डर ७५५ नं तयार व्हायचं. २१.०४ या आवृत्तीपासून ते ७५० झालं. मे महिन्यात आम्ही मशीन पुसून नवं उबुंटू टाकलं होतं. जूनभर मी स्वतःच लॉगिन करून, आकडा भरून, स्क्रिप्ट हातानं चालवून 'टेस्टिंग' करत होतो. नुसत्या वेब फॉर्मवरून नोंद होण्याची ती पहिलीच संध्याकाळ होती.

सात-सात-सात

रात्रीचे साडेअकरा. शेजारच्या रूममधला एक भिडू आला, म्हणाला, "भावा, सरक." आणि त्यानं माझ्या सगळ्या होम फोल्डरवर, आतल्या प्रत्येक फाईलसकट, ७७७ मारलं. आलेख आला. सगळ्यांनी टाळ्या दिल्या आणि झोपलो.

सकाळी मला रूमवरून मशीनवर लॉगिनच करता येईना. मी की वापरून एसएसएच करतो. एसएसएच सर्व्हर आधी बघतो की तुमचं होम आणि त्यातलं कीचं फोल्डर इतर कोणी लिहू शकतं का. लिहू शकत असेल तर तो की मानतच नाही, कारण मग ती की तिथं कोणीही ठेवलेली असू शकते. सुडोही तसंच वागतो. त्याची सेटिंगची फाईल सगळ्यांना लिहिण्याजोगी झाली तर तो काम करायला नकार देतो. ज्यांनी हे प्रोग्रॅम लिहिले त्यांना आपल्यासारख्यांचा अंदाज होता.

लॅबमध्ये सरांना सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, "अरे, त्या पानावर फोटो अपलोड करायची सोय आहे ना? उद्या कुणी फोटो म्हणून पीएचपी फाईल टाकली, तर ती कोणत्या युजरनं चालेल? आणि त्या युजरला आज काय काय लिहिता येतं?" मग त्यांनी २०१४ चं उदाहरण दिलं. त्या सप्टेंबरात बॅश शेलमधला शेलशॉक नावाचा दोष उघड झाला. बॅशला हात लावणाऱ्या सीजीआय प्रोग्रॅममधून, नुसत्या विनंतीच्या हेडरमध्ये मजकूर घालून, बाहेरचा माणूस सर्व्हरवर कमांड चालवू शकत होता. कमांड चालायची ती वेब सर्व्हरच्या युजरच्या नावानं. म्हणजे त्या युजरला जेवढी मोकळीक, तेवढं नुकसान. परमिशन डिनाइड हा मेसेज आपल्याला नेहमी अडचण वाटतो. असल्या दिवशी तोच एक आडवा उभा असतो.

आम्ही ७७७ काढलं. स्क्रिप्ट होममधून उचलून ऑप्ट या फोल्डरखाली ठेवली, कारण होम ही माणसाची खोली आहे, प्रोग्रॅमची नव्हे. होमवर ७११ करून नुसती वाट देता आली असती, आणि घाईच्या रात्री तेवढं पुरलंही असतं. पण मग माझं खातं बंद झालं की पान बंद.

तरी आलेख बदलेना! या वेळी लॉग होता, त्यामुळे पाच मिनिटांत कळलं. आधीचं चित्र माझ्या मालकीचं होतं, ६४४ नं. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला ते वाचता येत होतं, त्यावर लिहिता येत नव्हतं. इथं एक गोष्ट परीक्षेत हमखास चुकते. फाईलच्या आत लिहायला फाईलवर परवानगी लागते. पण फाईल नवी तयार करायला, पुसायला किंवा नाव बदलायला ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरवर लागते. स्क्रिप्ट एकदा आपण आणि एकदा वेब सर्व्हरनं चालवली की फाईलींचे मालक मिसळतात आणि नंतर कधीतरी तिसऱ्याच ठिकाणी अडतं. म्हणून हातानं चालवायचीच वेळ आली तर त्याच युजरच्या नावानं चालवा.

मग आलेख आला, पण 'इशारा पातळी' आणि 'धोका पातळी' या अक्षरांच्या जागी चौकोनी डबे. लॉगमध्ये फॉन्टकॉन्फिगची तक्रार होती की लिहिण्याजोगं कॅश फोल्डर सापडत नाही. मराठी फॉन्ट मी माझ्या होममधल्या फॉन्टच्या फोल्डरात टाकला होता, तो दुसऱ्या युजरला दिसणार कसा? शिवाय डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाचं 'होम' म्हणजे व्हारमधलं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू फोल्डर, ते रूटच्या मालकीचं, म्हणून तिथं कॅशही लिहिता येत नाही. फॉन्ट सगळ्या सिस्टिमसाठी बसवला आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला होम म्हणून एक छोटं स्वतंत्र फोल्डर नेमून दिलं. वेबवरून लिब्रेऑफिस चालवून पीडीएफ काढणाऱ्यांना हाच त्रास होतो. त्यालाही स्वतःचं प्रोफाइल लिहायला होम लागतं, आणि ते मिळालं नाही की तो गुपचूप परत फिरतो.

परमिशन सगळ्या बरोबर दिसतात आणि तरी अडतं, अशाही दोन-तीन जागा आहेत, त्या भराभर सांगतो. युजरला नव्या ग्रुपमध्ये घातलं असेल तर अपाचे रीस्टार्ट करा, चालू प्रोसेसला नवा ग्रुप आपोआप कळत नाही. टेंप फोल्डरमध्ये लिहिलेली फाईल गायब वाटली तर घाबरू नका, सिस्टमडी अपाचेला स्वतःचं खासगी टेंप देतं, आपल्याला दिसतं ते वेगळं. आणि फेडोरा, रॉकी, अल्मा यांवर एसई-लिनक्स असतं. होममध्ये केलेली फाईल वेबच्या फोल्डरात मूव्ह केली तर तिचं जुनं लेबल तिच्याबरोबर येतं आणि ७५५ असूनही नकार मिळतो. रिस्टोरकॉन चालवलं की लेबल दुरुस्त होतं. एसई-लिनक्सच बंद करून टाका असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. ते आमच्या ७७७ वाल्या भिडूचे मावसभाऊ समजा.

रूटचं काम असेल तर?

काही कामांना खरोखरच मोठा अधिकार लागतो, उदाहरणार्थ एखादी सर्व्हिस रीस्टार्ट करणं. ही गरज जुनीच आहे. युनिक्सच्या डेनिस रिची यांनी त्यासाठी सेट-यूआयडी बिटाची युक्ती काढली आणि तिचं पेटंट त्यांना १९७९ मध्ये मिळालं. आपण पासवर्ड बदलतो तो याच बिटाच्या जोरावर. पण लिनक्स शेल स्क्रिप्टवर हा बिट मानत नाही, त्यामुळे आपल्यासाठी उरतो तो सुडो. वेब सर्व्हरला पासवर्ड टाइप करता येत नाही म्हणून लोक त्याला सगळ्याच कमांड बिनपासवर्ड देऊन टाकतात. यापेक्षा सर्व्हर थेट रूटनं चालवलेला काय वाईट?

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आठवा. पाणी ठराविक पातळीला आलं की ते आपोआप उघडतात. दरवाजाला तेवढंच एक काम येतं. सुडोची परवानगी अशी हवी. एकच स्क्रिप्ट, पूर्ण पत्त्यासह, रूटच्या मालकीची, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला लिहिता न येणारी, आणि शक्यतो बाहेरून काहीच माहिती न घेणारी. सेटिंग नेहमी व्ही-आय-सुडोनंच बदला, तो चूक असलेली फाईल सेव्ह करताना अडवतो. स्क्रिप्ट जर वेब युजरला बदलता येत असेल तर एका ओळीची परवानगी आणि सगळी परवानगी यात फरक राहत नाही.

आमच्या आलेखाला यातलं काहीच नको होतं. सरांनी एकच प्रश्न विचारला, "वेब सर्व्हरनं कमांड चालवायचीच कशाला?" त्यानंतर आम्ही रचना बदलली. आता फॉर्म फक्त डेटाबेसमध्ये ओळ घालतो. आलेखासाठी एक वेगळा युजर आहे, त्याच्या क्रॉनमध्ये दर मिनिटाला स्क्रिप्ट चालते, नवी ओळ दिसली तर आलेख काढते. आलेखाचं फोल्डर त्या युजरचं. वेब सर्व्हर ग्रुपमधून फक्त वाचतो. नवं चित्र आधी दुसऱ्या नावानं, पण त्याच फोल्डरात लिहायचं आणि पूर्ण झाल्यावर नाव बदलायचं, म्हणजे अर्धवट चित्र कोणाला दिसत नाही. एक आडून मिळालेला फायदा असा की फॉर्ममधला मजकूर आता कमांडच्या ओळीत जातच नाही. पूर्वी कोणी ३५ च्या पुढे अर्धविराम देऊन एखादी कमांड लिहिली असती तर आम्ही ती इमानेइतबारे चालवली असती. (तुमच्याकडे तसं असेल तर एस्केप-शेल-आर्ग हे फंक्शन आजच लावा, आणि आकडा हा आकडाच आहे ना हेही तपासा.) क्रॉनचा पाथ फार आखूड असतो, त्यामुळे प्रत्येक प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता द्यावा लागला. तिथं मात्र १२७ मिळाला होता.

हिरवा मेसेज काढून टाकला. आता फॉर्म भरल्यावर 'आकडा मिळाला, आलेख अजून व्हायचा आहे' एवढंच येतं. आलेखाखाली तो कोणत्या नोंदीपर्यंतचा आहे ते तारीख-वेळेसह छापलं जातं. आणि शेवटच्या नोंदीपेक्षा आलेख पाच मिनिटांहून जुना असेल तर चित्र झाकून त्या जागी लाल पट्टी येते, 'आलेख जुना आहे, आकडा बघा', आणि खाली नुसता आकडा मोठ्या अक्षरात. ही पट्टी चिखलीच्या त्या ज्युनिअरनंच सुचवली आणि तिचा कोडही त्यानंच लिहिला. टेस्ट करताना तो मुद्दाम फोल्डरची परवानगी काढून घेतो आणि पट्टी येते का बघतो.

स्क्रिप्ट, क्रॉनची ओळ आणि फोल्डरच्या परमिशनचा तक्ता लॅबच्या मशीनवर ऑप्टखाली पूर नावाच्या फोल्डरात ठेवला आहे, वाचायला सगळ्यांना परवानगी आहे. जून ते सप्टेंबर आकडे भरायला सकाळी आणि संध्याकाळी एकेक माणूस लागतो. शनिवार-रविवारची पाळी अजून रिकामी आहे, ज्यांना जमेल त्यांनी मेसच्या बोर्डवर नाव लिहावं.